पंधरा चिंचोके

मैत्रिणींनो, दिवाळी सरली की आमच्या पुरुषोत्तमनगरची हवाच बदलते. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो. उसाने भरलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, मळीचा तो आंबूस वास आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी राख. लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा मी नाक मुरडायची. आता तो वास आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं!

याच दिवसांत आमच्या जिल्ह्यातली माणसं उलट्या दिशेनेही निघतात. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा या तालुक्यांतली कितीतरी आदिवासी कुटुंबं गाठोडी, भांडी, कोंबड्यासुद्धा सोबत घेऊन गुजरातेत सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. परत येणं होळीलाच. सातपुड्यातल्या माणसाला होळी चुकवून चालत नाही. लेकरांपैकी काही आईबापांबरोबर फडावर जातात, काही आजी-आजोबांपाशी मागे राहतात.

अशाच एका मागे राहिलेल्या मुलाची ही गोष्ट आहे. खरं सांगायचं तर गोष्ट माझ्या चुकीची आहे. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याच्या वस्तीचंही नाही. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख छापून जाहीर करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे. हे मला आधी माहीत नव्हतं. तेही या मुलामुळेच शिकले.

मी बी.ए. झालेली गृहिणी. मुलं मोठी झाल्यावर दुपार मोकळी मिळू लागली, म्हणून मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला जमेल तशी मदत करू लागले. आमच्या भागातल्या वस्त्या, फाटे, पायवाटा मला पाठ. त्यामुळे शहरातून समाजकार्य शिकणाऱ्या मुली प्रॅक्टिकलला आल्या, की त्यांना वस्ती दाखवायचं काम माझ्याकडे यायचं. 'काकू, इंटर्नशिपला आलेय' असं म्हणत दारात उभी राहिलेली मुलगी पाहिली, की मी आधी तिला जेवायला बसवायची आणि मग स्कूटीवर मागे बसवून न्यायची.

शनिवारची ताई

२०२३ च्या डिसेंबरात अशीच एक मुलगी आली. हसरी, गोड गळ्याची, उत्साहाने नुसती सळसळणारी. दर शनिवारी दुपारी वस्तीवर जायची. गाणी, चित्रं, कागदाच्या होड्या. दहा मिनिटांत वीसेक पोरं गोळा व्हायची. त्यात हा एक, आठ-नऊ वर्षांचा. बाप तापाने गेलेला, आई ऊसतोडीला, घरी म्हातारी आजी आणि दोन शेळ्या. शाळेच्या पटावर नाव होतं, पण जाणं मनात आलं तर. पहिले दोन शनिवार तो लांब निंबाखाली शेळी धरून उभा होता. तिसऱ्या शनिवारी शेळी बांधून आला. पाचव्या शनिवारी तिच्या मांडीला मांडी लावून बसला. सोमवारी शाळेतही गेला, कारण ताईने सांगितलं होतं.

मला किती कौतुक वाटलं! मी त्या दोघांचा फोटो काढला आणि आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली मुलाचं नाव, गाव, बाप नसल्याचं, सगळं लिहून. भराभर हात जोडलेली आणि फुलांची चित्रं आली. त्या मुलाला किंवा आजीला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

फेब्रुवारीत तिचे दिवस संपले. शेवटच्या दिवशी तिने रंगीत खडूंच्या पेट्या वाटल्या, मुलांबरोबर फोटो काढला. निघताना ह्याने तिची ओढणी धरून विचारलं, "पुढल्या शनिवारी येशील ना?" तिचे डोळे भरून आले. "येईन ना रे!" ती म्हणाली. मी तिथेच उभी होते. मला माहीत होतं, की तिची परीक्षा तोंडावर आहे आणि ती येणार नाही. पण मूल रडेल म्हणून मीही मान डोलावली.

होळीच्या आधीच्या बाजारात आजी भेटली. म्हणाली, "ताई, पोरगा शनवारी शाळेत जात नाही." शनिवारची शाळा सकाळची. तो सकाळी उठून, केस ओले करून फाट्यावर जाऊन बसायचा. ताई एसटीने यायची ना! दुपारपर्यंत बसून परत यायचा. असे चार शनिवार झाले. पाचव्या शनिवारपासून फाट्यावर जाणं थांबलं आणि शाळाही थांबली. खडूंची पेटी त्याने दुसऱ्या पोराला देऊन टाकली होती.

आणि मला आठवलं. त्यातल्याच एका शनिवारी मी स्कूटीवरून त्या फाट्यावरून गेले होते. तो दगडावर बसलेला दिसला होता. मी हात हलवला आणि पुढे निघून गेले. घरी पाहुणे यायचे होते.

त्या मुलीचा मला राग नाही. वीस वर्षांची पोर ती. तिने मनापासून केलं. निरोप कसा घ्यायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर तिच्या दुप्पट वयाची, दोन लेकरांची आई! मला तरी समजायला हवं होतं, की बाप गेलेल्या आणि आई लांब असलेल्या मुलाला 'येईन' म्हणून न येणं म्हणजे काय.

दुसरी आली

पुढल्या हंगामात, २०२४ च्या डिसेंबरात, संस्थेतून फोन आला, "ताई, एक विद्यार्थिनी पाठवतोय." मी सरळ म्हटलं, "नको. त्या वस्तीवर तर मुळीच नको." तरी ती आली. सावळी, अबोल, हातात एक जाड वही. चहा घेता घेता मी तिला फाट्याची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि विचारलं, "काकू, मी किती वेळा येऊ शकते ते मोजून सांगू का?" वहीतलं वेळापत्रक काढलं, परीक्षा वजा केली, सुट्ट्या वजा केल्या. "पंधरा वेळा. जास्त नाही."

वस्तीवर गेल्यावर तो काही जवळ आला नाही. निंबाखाली शेळी धरून उभा! दुसऱ्या खेपेला तिने चिंचोके नेले, मोजून चौदा. आजीसमोर त्याला दिले. "मी चौदा वेळा येणार आहे. आले की एक चिंचोका तू मला परत द्यायचा. चिंचोके संपले की माझं येणं संपलं. मग मी नाही येणार." पहिल्या भेटीचा पंधरावा चिंचोका तिने स्वतःच्या वहीला चिकटवला होता. तो काही बोलला नाही. पण तिने निघताना पाहिलं, तर त्याने तेवढ्यातच एक बाजूला काढून ठेवला होता.

मला ते जरा कठोरच वाटलं. इतक्या लहान मुलाला कसला हिशेब? वाटेत तसं म्हटलंही. ती म्हणाली, "काकू, त्याला कुणीच आधी सांगून गेलेलं नाही. बापही नाही, शनिवारची ताईही नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हिने गाणी थोडीच घेतली. पावरी बोली येत नव्हती म्हणून ती त्याच मुलाकडून शब्द शिकायची आणि वहीत लिहायची. पोरं तिच्या उच्चारांना हसायची. हसणाऱ्यांत तोही होता. बाकीचा वेळ ती आजीपाशी बसायची. विचारायची, घरात खायला काय असतं, आजारी पडलात तर कोण नेतं, रेशन कोण आणतं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत मला म्हणाली, "काकू, याला बालसंगोपन मिळू शकतं."

मी इतकी वर्षं समाजकार्य करते म्हणून मिरवते, आणि हे मला सुचलं नव्हतं! ज्या मुलाला आई किंवा बाप नाही, किंवा दोघंही नाहीत, त्याला अनाथालयात न टाकता घरच्याच माणसांपाशी वाढवता यावं म्हणून ही सरकारी योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळण्याची तरतूद झाली, वयाच्या अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो, घरी येऊन चौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. ही समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यात किमान एक बाई असावीच लागते. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. एकटं, टाकून दिलेलं किंवा संकटात सापडलेलं मूल आढळलं, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत याच समितीपुढे हजर करायचं असतं.

कागदाची लढाई

अर्जाला वडिलांच्या मृत्यूचा दाखला हवा. तो नव्हताच! बाप घरी, वस्तीवर गेला. रडणं झालं, पाणी झालं, नोंद कोण करणार? मैत्रिणींनो, हे नीट ध्यानात ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. वर्ष उलटलं की ग्रामपंचायतीत नुसतं सांगून भागत नाही, दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागायचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी तो देतात. आधी ग्रामपंचायतीतून नोंद नसल्याचा दाखला, मग अर्ज, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार. हे सगळं त्या अबोल मुलीने विचारून विचारून वहीत उतरवलं. मी तिच्यासोबत हिंडले. आजीला स्कूटीवर बसवून नेलं तेव्हा ती माझा पदर घट्ट धरून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर!

आईची सही आणि बँकेचं पासबुक मात्र होळीलाच मिळणार होतं. २०२५ ची होळी मार्चच्या मध्यावर होती. तिने आपले शेवटचे तीन चिंचोके त्यासाठी राखून ठेवले.

आणि त्या तीन खेपांना ती एकटी आली नाही. पहिल्या खेपेला अंगणवाडी सेविकेला घेऊन आली. गावाच्या बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असते, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या खेपेला शाळेतल्या बाईंना आणलं. तिसऱ्या खेपेला त्याची आई घरी होती. मुलीने आईला, आजीला आणि मला एकत्र बसवलं, वही उघडली आणि कोणता कागद झाला, कोणता राहिला, तो कुणी आणायचा, हे वाचून दाखवलं. माझ्या नावापुढे चार कामं होती. मग ती मुलाकडे वळली. त्याने मुठीतला शेवटचा चिंचोका तिच्या हातावर ठेवला. रडला नाही. म्हणाला, "आता नाही येणार." ती म्हणाली, "नाही येणार. पण या काकू येतील. महिन्यातून दोनदा."

माझ्या पोटात धस्स झालं. कारण आता मला जाणं भाग होतं!

मुंबईतली जुनी गोष्ट

विद्यार्थ्यांनी वस्तीत जाऊन शिकायचं ही कल्पना काही आजची नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, ती नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये. क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. गिरणी कामगारांची, गरिबांची वस्ती दाराबाहेरच. आज तिला आपण टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो. त्याच संस्थेत पुढे शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करता करता १९९६ मध्ये मुलांसाठी फोनसेवा सुरू केली. तीच १०९८ चाईल्डलाईन. मुलाला अडचण कार्यालयाच्या वेळेत येत नाही, म्हणून फोन रात्रंदिवस उचलला गेला पाहिजे, हे त्यामागचं साधं तत्त्व. २०२३ पासून ही सेवा राज्यांच्या महिला व बालविकास खात्याकडे गेली आणि ११२ शी जोडली गेली. नंबर मात्र तोच आहे, फुकट आहे. आपल्या घरातल्या मुलांना तो पाठ करायला लावा.

विचार करा, त्या फोनसेवेतही तीच गोष्ट आहे. आपण घरी गेल्यावर मुलासाठी कोण आहे? एका माणसाचं येणं-जाणं पुरत नाही, म्हणून तिथे फोन उभा राहिला. आमच्या फाट्यावर मात्र कुणीच उभं राहिलं नव्हतं.

आता तर घरोघरी

हे आज लिहायचं कारण असं, की आता फक्त समाजकार्याच्या मुलींपुरतं हे राहिलेलं नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहेच. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर आपल्यापैकी कितीजणींनी केलं असेल. आता २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमांतही क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग, इंटर्नशिप आली. तिला गुण आहेत, श्रेयांक आहेत. तेव्हा तुमची-माझी मुलगीही उद्या कुठल्यातरी वस्तीत, बालगृहात, अंगणवाडीत जाणार. जाऊ द्या, नक्की जाऊ द्या. नंतर ती घरी येऊन ताटात काही टाकणार नाही, एवढा तरी फायदा होईल! पण पाठवताना तिला चार गोष्टी सांगा.

किती दिवस जाणार आहेस, ते मुलांना पहिल्याच दिवशी सांग. पाळता येणार नाही असा शब्द देऊ नकोस. कितीही गोड मूल असलं तरी फोटो काढून मोबाईलवर लावू नकोस, आपल्या लेकराची अडचण आपण अशी गावभर करू का? आणि एखादं मूल तुझ्याजवळ काही वाईट घडल्याचं बोललं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. अशा वेळी लगेच संस्थेतल्या मोठ्या माणसाला गाठायचं. 'मी तुझ्या मदतीसाठी योग्य माणसाला सांगेन,' असं मुलाला खरं खरं सांगायचं.

आणि ज्या आपण इथेच राहणाऱ्या आहोत, आपल्यासाठी एकच गोष्ट. बाहेरून आलेली मुलगी पंधरा वेळा येईल. ती दार उघडून देईल, कागद शोधून देईल. सोळाव्या वेळेला जायचं आपणच. त्यासाठी पदवी लागत नाही. महिन्यातले दोन दुपारचे तास लागतात. तुमच्या गावात बाल संरक्षण समिती आहे का, तिची बैठक कधी होते, एवढं अंगणवाडीच्या ताईंना विचारून तर बघा.

त्या मुलाचं पुढे काय झालं? मृत्यूच्या नोंदीचा आदेश पावसाळ्यात मिळाला. बालसंगोपनाचा अर्ज गेला, घरची चौकशी होऊन गेली, मंजुरीची वाट पाहतोय. आई दिवाळीनंतर पुन्हा उसाला गेली. उचल फिटली नव्हती. या वेळी मुलाला सोबत न्यायचं की ठेवायचं, यावर माझ्यासमोरच दोन दिवस घोळ चालला. शेवटी तो आजीपाशी राहिला. शाळेत जातो. रोज जातो असं म्हणणार नाही, पण जातो.

मी महिन्यातून दोनदा जाते. पहिले काही महिने तो माझ्याशी बोलतच नसे. एकदा नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं आणि माझी खेप चुकली. पण आदल्या दिवशीच अंगणवाडीच्या ताईंकडे निरोप ठेवला होता, की काकू या वेळी येणार नाहीत, पुढच्या मंगळवारी येतील. मंगळवारी गेले, तर निंबाखाली शेळी बांधलेली आणि हा ओट्यावर बसलेला. मला बघून उठला नाही, हसलाही नाही. म्हणाला, "काकू, लग्नात जेवायला काय होतं?"

मी स्कूटी लावली आणि त्याच्याजवळ ओट्यावर बसले. सगळं ताट सांगितलं त्याला, अगदी लोणच्यापर्यंत.